नियमात बसलेलं घर

माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या नव्या फ्लॅटमध्ये दुपारी चार वाजता स्वयंपाकघरातला दिवा लावावा लागतो. आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक चारलाच सुरू होतो. पीठ चाळायचं, डाळ निवडायची, पाणी गाळायचं, भाजीचं पान उलटंसुलटं करून बघायचं. ही सगळी डोळ्यांची कामं. जेवणात जीवजंतू जाऊ नये म्हणून तर उजेडी जेवायची रीत. आणि त्याच रीतीनं राहणाऱ्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते ती पाच फूट रुंदीच्या डक्टमध्ये. समोर शेजारणीची खिडकी, मध्ये पाइप, खाली कबुतरांची पिसं.

पुस्तकाचं परीक्षण बाईनं लिहिलं तर चालतं, नाटकाचंही चालतं. इमारतीचं परीक्षण मात्र कुणी आमच्याकडं मागत नाही. पुस्तक आवडलं नाही तर मिटून ठेवता येतं. घर मिटता येत नाही. त्यात दिवसाचे चौदा तास काढणारी बाई त्याबद्दल काही बोलली तर "आता झालं ना बांधून" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून हे लिहायला बसले. शिवाय या इमारतीत माझाही दोष आहे, तो पुढं सांगते.

निपाणी हे तंबाखूचं गाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवून बसले होते, तेव्हा मी माहेरी शाळेत होते. लग्न होऊन इथं आले ती वखारवाल्यांच्या घरात. दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, भिंतीच्या माथ्यालगत ओळीनं झरोके. तंबाखूला कोंडट हवा चालत नाही, बुरा धरतो, म्हणून वखार बांधणाऱ्यानं वारा या भिंतीतून त्या भिंतीत जाईल अशी सोय केली होती. पुढं धंदा आटला. चौघा भावांनी रस्त्याकडची बावीस गुंठे जागा एका बांधकाम करणाऱ्याला दिली. बदल्यात काही रक्कम आणि दोन फ्लॅट. घरातल्या बायकांच्याही संमतीच्या सह्या घेतल्या. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून दिली होती. कागदांच्या तळाशी नकाशा होता. मी तो उघडून पाहिला नाही. बी. ए. झालेली बाई, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारी, पण नकाशा हे पुरुषांचं काम असं मनात धरून बसले. हा माझा दोष.

आता तिथं खाली पार्किंग आणि वर चार मजले आहेत. मजल्यावर बारा, असे अठ्ठेचाळीस फ्लॅट. एकात धाकट्या जाऊबाई राहतात. तिसऱ्या मजल्यावर आमच्या वखारीत पूर्वी तंबाखू निवडायला येणाऱ्या एक मावशी राहतात. वखार बंद झाल्यावर त्या घरी विड्या वळत होत्या, अजून वळतात. मुलानं कर्ज काढलं, सरकारी अनुदानाची जोड मिळाली, आणि त्या योजनेत घराच्या कागदावर बाईचं नाव लागतं म्हणून मावशींचं नाव लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावावर काही झालं. ज्या जागेत त्यांनी मजुरीनं काम केलं, त्याच जागेवर त्या मालकीण झाल्या. याहून चांगली गोष्ट त्या वखारीची झाली नसती, हे आधी सांगून टाकते. स्वतःचा संडास, नळाला पाणी, कडी लावून झोपता येईल अशी खोली, हे सगळं त्या इमारतीनं दिलं आहे.

आता घर बघू. विकताना फ्लॅट ४७० चौरस फुटांचा म्हणून सांगितला. हे झालं सुपर बिल्टअप. त्यात जिना, बोळ, लिफ्ट, बाहेरच्या भिंती यांचा वाटा धरलेला असतो. कागदावर कार्पेट एरिया ३२३ चौरस फूट, म्हणजे ३० चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजनेत सगळ्यात कमी उत्पन्नाच्या गटासाठी घराची जी मर्यादा धरली होती, बरोबर तेवढा. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या ठरवली हे फार बरं झालं. पण त्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात, हे किती जणींना ठाऊक आहे? मी टेप घेऊन मोजलं. हॉल अकरा बाय दहा. बेडरूम सव्वादहा बाय दहा. स्वयंपाकघर आठ बाय सात. न्हाणीघर पाच बाय चार, संडास चार बाय तीन. बेरीज ३०० चौरस फूट आणि वर अर्धा. उरलेले बावीस-तेवीस फूट भिंती आणि दारांच्या उंबऱ्यात गेले.

पुतण्या सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याला म्हटलं, हे स्वयंपाकघर आहे की कपाट? तो म्हणाला, "काकू, नियमात बसतंय." आणि खरंच बसतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहायची खोली कमीत कमी साडेनऊ चौरस मीटर आणि स्वयंपाकघर पाच चौरस मीटर असावं असं आहे. हे स्वयंपाकघर सव्वापाच आहे, बेडरूम साडेनऊच्या जेमतेम वर. म्हणजे नकाशा काढणाऱ्यानं नियम आधी लिहिला आणि त्याच्याभोवती भिंती ओढल्या. नियम सांगतो की याहून लहान केलंत तर माणसाला राहता येणार नाही. आमच्याकडं त्याचा अर्थ असा लावला की एवढं केलं की झालं. घर नियमात बसलं. त्यात बाई बसते का, हे कुणी पाहिलं नाही.

या स्वयंपाकघरात ओटा सात फुटी भिंतीला आहे. त्यात दीड फूट सिंक, अडीच फूट शेगडी. राहिले तीन फूट. त्यावर मिक्सर आला की पोळपाट ठेवायला जागा नाही. जाऊबाई पोळ्या हॉलमध्ये टीपॉयवर लाटतात आणि तव्यापर्यंत ये-जा करतात. फ्रिज हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. पाण्याचं गाळणं वाळत घालायला दोरी नाही, म्हणून ते खिडकीच्या गजाला बांधतात आणि समोरच्या कबुतरावर लक्ष ठेवतात. समोरच्या शेजारीण स्वभावानं फार गोड आहेत. पण त्यांच्या लसणाच्या फोडणीचा वास आमच्या पर्युषणात सरळ देव्हाऱ्यापर्यंत येतो, आणि आमच्या मिरच्या भाजल्या की त्या खोकतात. दोष दोघींचा नाही. दोन चुली एका नळकांड्यात तोंड करून बसवल्या तर दुसरं काय होणार?

दुसरी गोष्ट बोळाची. जिन्यातून वर आलं की दोन्ही बाजूंना सहा-सहा दारं आणि मध्ये लांब बोळ. दोन्ही टोकांना खिडक्या आहेत, पण मधल्या दारांपाशी भर दुपारी ट्यूब लागते. दार उघडलं की समोरच्याचा हॉल दिसतो, म्हणून सगळे दार लावून घेतात. मावशी पूर्वी गल्लीत राहत होत्या तेव्हा दाराच्या कट्ट्यावर मांडीत सूप घेऊन बसायच्या. शेजारी आणखी तिघी. पानं भिजवलेली, पत्रा, कात्री, दोरा. हात चालू, तोंड चालू, आणि एक डोळा रस्त्यावरच्या नातवंडांवर. उन्हाच्या हिशेबानं सकाळी या बाजूला, दुपारनंतर त्या बाजूला. विडी वळायला उजेड लागतो, पान नीट कापलं नाही तर माल नापास होतो. आता त्या पलंगावर भिंतीला टेकून ट्यूबखाली वळतात. तंबाखूची धूळ अंथरुणावर. मी विचारलं, "मावशी, कसं वाटतंय?" म्हणाल्या, "वैनी, घर बेस हाय. दिवस कळत न्हाई तेवढाच."

घर हे फक्त झोपायची जागा आहे असं नकाशा काढणारा धरून चालतो. स्वस्त घर घेणाऱ्यांच्या घरात बहुतेक वेळा काहीतरी काम चालू असतं. कुणी विड्या वळतं, कुणी पापड लाटतं, कुणी ब्लाउज शिवतं, कुणी शिकवण्या घेतं. मोठ्या फ्लॅटवाल्याचं कामाचं ठिकाण वेगळं असतं. छोट्या फ्लॅटवालीचं तेच घर, तोच कारखाना. म्हणून छोट्या घराला उजेडाची गरज जास्त. आमच्या इमारतीत नेमकं उलटं झालंय. रस्त्याकडच्या दर्शनी बाजूला मोठ्या काचा, ज्यावर छज्जाच नाही. त्यातून उन्हाळ्यात ऊन आणि पावसाळ्यात पाणी आत येतं. कामाच्या जागा मात्र आत, डक्टकडं. हॉलला तीन फुटी बाल्कनी आहे, ती प्रत्येकानं जाळी मारून अडगळीची खोली केली, कारण घरात एकही माळा किंवा भिंतीतलं कपाट दिलेलं नाही. गच्चीला कुलूप. पापड, कुरडया, गाद्या, सगळ्याला ऊन विकत आणावं लागेल असं दिसतं.

हे वाचून कुणाला वाटेल की बाई वाड्याचे गोडवे गाणार. तसं नाही. आमच्या वाड्याचा सोपा पुरुषांना ऐसपैस होता. माजघरात दिवसाही समई लावत. स्वयंपाकघरात धुरानं सासूबाईंचे डोळे गेले. महिन्याचे चार दिवस परड्याकडच्या खोलीत काढायचे, पावसाळ्यात तिथं ओल यायची. एका न्हाणीला अकरा माणसं. धाकट्या जाऊबाईंनी लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी स्वतःच्या बाथरूमची कडी लावली, आणि त्या दिवशी मला फोन करून सांगितलं की अर्धा तास आंघोळ केली, कुणी दार वाजवलं नाही. हे सुख मी कशाच्या बदल्यातही परत द्यायला सांगणार नाही. उजेडाबद्दल बोलायचं तर वाडाही बायकांशी वाईटच वागला. तेव्हा मला वाडा नको आहे. मला हे विचारायचं आहे की पन्नास-साठ वर्षं मागं सोडून आपण नवीन घर बांधलं, तर त्यातही अंधार बाईच्याच वाट्याला का आला?

याचं उत्तर "स्वस्तात एवढंच होतं" असं देतात. ते मला पटत नाही, कारण स्वस्तात दुसरं झालेलं मी पाहिलं आहे. मामेबहीण इंदूरला असते. तिच्याकडं गेले असताना अरण्य वसाहत पाहायला गेले. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी ती आखली. इंदूर विकास प्राधिकरणासाठी ऐंशीच्या दशकात हे काम झालं, आणि १९९५ मध्ये त्याला आगाखान पुरस्कार मिळाला. पुढं २०१८ मध्ये दोशींना प्रित्झ्कर मिळाला, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत याच वसाहतीचा उल्लेख होता. सुमारे साडेसहा हजार भूखंड. सगळ्यात गरिबांसाठी साधारण ३५ चौरस मीटरचा. म्हणजे आमच्या फ्लॅटपेक्षा फार मोठा नाही. सरकारनं जोतं, संडास-न्हाणी आणि पाणी-गटाराची जोडणी करून दिली. खोल्या ज्यानं त्यानं जमेल तशा बांधायच्या. दोशींनी नमुन्याला ऐंशी घरं बांधून दाखवली. त्या घरांना पुढं ओटा आहे, बाहेरून जिना आहे, वर छोटी गच्ची आहे.

मी गेले तेव्हा ओळखू येऊ नये इतकी घरं बदललेली होती. कुणी दोन मजले चढवले, कुणी खाली दुकान काढलं, कुणी ओटा घरात घेऊन टाकला. रस्ते गाड्यांनी भरलेले. सगळं छान आहे असं म्हणणार नाही. गल्लीत हवा कोंडते अशी घरंही पाहिली. पण दुपारी तीन वाजता एका ओट्यावर तिघी बायका बसून साडीला फॉल लावत होत्या, आणि त्यांना उजेडासाठी दिवा लागत नव्हता. घर आणि रस्ता यांच्यामध्ये जी हात-दोन हात जागा असते ती फुकट जाणारी जागा नव्हे, तीच घर मोठं करते, हे दोशींना कळलं होतं. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरियांनी याच काळात घरं केली. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, आणि कुणाची भिंत कुणाला लागलेली नाही, म्हणजे प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. घराबाहेरची जागाही राहायची जागा असते आणि आपल्या हवेत ती वर्षातले बरेच महिने वापरता येते, हा विचार दोघांच्याही कामात दिसतो.

पुतण्यानं यावर बरोबर बोट ठेवलं. "काकू, ती बैठी घरं. गावाबाहेरची मोकळी जमीन. आपल्याकडं भर पेठेत बावीस गुंठे. फ्लॅटच करावे लागतात." मान्य. म्हणून आम्ही दोघं आलेखाचा कागद घेऊन बसलो. मधला बोळ काढून टाकला. इमारतीचे दोन भाग केले, मध्ये चौक ठेवला, आणि दारं चौकाकडच्या उघड्या सज्जात काढली. सज्जा पाच फूट रुंद, प्रत्येक दाराशी बसायला कट्टा. स्वयंपाकघर सज्जाकडं आणलं. सज्जात उजेड येतो, आणि ओट्याशी उभ्या बाईला चौकात खेळणारी मुलं दिसतात. डक्ट फक्त न्हाणी-संडासाला ठेवला. दाराशेजारी खिडकी आली की कुणी डोकावेल, म्हणून खिडकी कट्ट्याच्या वर, छातीइतक्या उंचीवर घेतली. हे सगळं करताना मजल्यामागं एक फ्लॅट कमी झाला. अठ्ठेचाळीसचे चव्वेचाळीस.

मग त्यानं हिशेब मांडला. एकूण खर्च तेवढाच धरला तर प्रत्येक फ्लॅट जास्तीत जास्त नऊ टक्क्यांनी महागेल. चौदा लाखांचा सव्वापंधरा. वीस वर्षांच्या कर्जावर महिन्याला हजार-अकराशेचा हप्ता वाढला. मी गप्प झाले. हे पैसे माझ्यासाठी काही नाहीत, पण विड्या वळणाऱ्या बाईला अकराशे म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. उजेड हवा म्हणून सांगणं मला सोपं आहे. तो हप्ता फेडायचा आहे मावशींच्या मुलाला. परीक्षण लिहिणाऱ्यानं हे विसरून चालत नाही.

तेव्हा आम्ही दुसरी यादी केली, या इमारतीत काय काय आहे त्याची. तळमजल्यावर ग्रॅनाइट लावलेली लॉबी. दर्शनी भिंतीला अॅल्युमिनियमचे पत्रे आणि काच. हॉलला पीओपीचं छत. बारा बाय पंधराची जिम, जिथं एक सायकल पडून आहे. फाटकाला कमान. यातलं एकही काढलं तर कुणाचं जेवण अडत नाही. शिवाय बोळातल्या ट्यूबा दिवसभर जळतात त्याचं बिल दरमहा सगळ्यांत वाटलं जातं, ते सज्जात वाचेल. पुतण्याच्या अंदाजानं वाढलेल्या खर्चातला मोठा भाग यात निघतो, सगळा नाही. निम्मा हप्ता वाढेल असं धरू. तो मावशींनी भरावा का, हे मी ठरवू शकत नाही. पण घर विकताना त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं की ग्रॅनाइटची लॉबी हवी की दाराशी कट्टा. हे मी नंतर त्यांना विचारलं. त्या हसल्या. "लॉबी म्हंजे खालचं गुळगुळीत? तिथं बसू देत न्हाईत वो."

स्वस्त घरांबद्दल आपल्याकडं दोनच तऱ्हेनं बोललं जातं. एक, किती घरं झाली. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी गोदुताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये त्यांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. हा आकडा मोठाच आहे, आणि त्यासाठी बायका वर्षानुवर्षं लढल्या. दोन, किंमत किती. आकडा आणि किंमत दोन्ही महत्त्वाचे. पण तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. सकाळी सहा ते रात्री दहा या घरात कोण, कुठं बसून, काय करतं? नकाशा काढणाऱ्यानं एक दिवस गल्लीत येऊन एवढं पाहिलं असतं तर स्वयंपाकघर डक्टकडं गेलं नसतं. ते शिकलेले असतात, त्यांना उजेड-वारा कळतो. त्यांच्यासमोर ती बाई नसते, एवढंच. कागदावर पलंग, सोफा, टीपॉय काढलेले असतात. सूप घेऊन बसलेली बाई मी कुठल्याच नकाशात पाहिली नाही.

वखारीच्या मागची नऊ गुंठे जागा अजून रिकामी आहे. तिथल्या इमारतीचा नकाशा आला आहे. तोच बोळ, तोच डक्ट, फक्त कमान बदलली. कागदांवर पुन्हा पेन्सिलीच्या फुल्या आहेत. या खेपेला मी नकाशा आधी काढून घेतला आणि बाकीचे कागद तसेच ठेवले. मिस्टर म्हणाले, "तुझ्या एका सहीसाठी चौघांचा व्यवहार अडतोय." मी म्हटलं, अडू दे पंधरा दिवस. तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. स्वयंपाकघराची खिडकी उघड्या हवेत. दारापुढं बसायला जागा. गच्चीची किल्ली इमारतीतल्या बायकांकडं. पुतण्यानं आमचा आलेखाचा कागद त्यांच्या आर्किटेक्टला नेऊन दिला. ते म्हणाले म्हणे, करता येईल, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

जाऊबाईंना हे सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या, टीपॉयवर. म्हणाल्या, "अक्का, आधी सही करताना का नाही हो बघितलंत?"

सव्वाचार वाजले होते. आत दिवा लागलेला होता. मी काही बोलले नाही, पीठ मळायला घेतलं.